आजोबांचा सराफी तराजू पुन्हा मार्गी लावायचा असेल तर

यावल तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. घरात पूर्वी सोनारकाम होतं. माळ्यावर सागवानी चौकटीच्या काचपेटीतला आजोबांचा तराजू सापडला, सोबत तोळ्या-माशांची पितळी वजनं. डाव्या पारड्याच्या बुडाशी लाखेचा ठिपका आहे. दांडी हलते, पण दर वेळी काटा वेगळ्याच जागी थांबतो. नवी ग्रॅमची वजनं आणून दहा ग्रॅमच्या आसपासचं एक वेढं तोललं, तर गावातल्या सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याशी १५-२० मिलिग्रॅमचा फरक पडतो. पारडी चिंच-मिठाने घासून चकचकीत करून झालीत. आता धारांना, म्हणजे दांडी आणि पारडी ज्या चाकूसारख्या कडांवर तोलली जातात त्यांना, तेल द्यावं का, फरक कसा काढावा, आणि दुकानात हा तराजू चालेल का, असं त्यांना विचारायचंय.

तेल देऊ नका. बाकीचं सगळं नंतर, हे आधी. तराजूची धार तिच्या बैठकीवर, म्हणजे ज्या पट्टीला ती टेकते तिच्यावर, घासत नाही, नुसती डोलते, त्यामुळे तेलाने तिला काही सोय होत नाही. तेलाने होतं एवढंच की आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू त्यात कालवले जातात आणि महिन्याभरात धारेभोवती चिकट लेप बसतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या तराजूंत शिलाई मशीनचं तेल दिलेले भरपूर असतात, आणि तेवढं पुसून काढलं की त्यातले अर्धे तिथल्या तिथे बरे होतात.

आता मुख्य गोष्ट. रिकामी पारडी समोरासमोर आली की तराजू बरोबर, असं बहुतेक लोक धरून चालतात. ते खरं नाही. तराजूची दुखणी वेगवेगळी असतात. रिकामा असताना एक बाजू खाली राहते तो पासंग. भार टाकल्यावर एक बाजू जास्त ओढते, ती दांडीच्या दोन हातांची असमान लांबी. बारीक वजनाला काटा दाद देत नाही, तो मंदपणा. आणि तुमच्या तराजूसारखा दर वेळी वेगळ्या जागी थांबतो, तो बैठकीचा दोष. रिकाम्या पारड्यांच्या परीक्षेत यातला फक्त पासंग दिसतो. टोकांचे नट फिरवून पासंग जातो, बाकी सगळं तसंच राहतं आणि माणूस मात्र खूश होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी काटा एकाच जागी थांबायला लागला पाहिजे, कारण तोवर पुढचं काहीच मोजता येत नाही. मग पासंग, मग हात, मग मंदपणा. वजनं शेवटी, पण सगळ्यात कडक नजरेने.

सोडवण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. दांडीची डावी-उजवी टोकं, पारडी टांगायच्या कड्या आणि पारडी यांवर बारीक टिंबं किंवा आकडे ठोकलेले असतात, एक टिंब डावीकडचं, दोन उजवीकडची. ते शोधून ठेवा. नसतील तर दोऱ्याच्या गाठी बांधून ओळख ठेवा, पण नवी खूण कोरू नका. डावी कडी उजवीकडे गेली की पासंगही बदलतो आणि धारेशी तिची जुळलेली बैठकही जाते.

सफाईत हात आखडता घ्या. जुन्या चांगल्या तराजूंच्या पितळी दांडीवर पारदर्शक लाखेचा पातळ थर असतो, ती मधासारखी पिवळसर झाक त्याचीच. स्पिरिट लावलंत तर हा थर विरघळतो, मग दांडी पहिल्या पावसाळ्यातच डागाळते. दांडी कोमट पाण्यात किंचित साबण घालून, पिळून घेतलेल्या मलमलीने पुसा आणि लगेच कोरडी करा. पॉलिशची पावडर, चिंच, लिंबू, राख यांपैकी काही नको. पारडी तुम्ही घासलीतच आहेत, तर एवढं लक्षात घ्या की घासताना दोन्हींतून काही मिलिग्रॅम पितळ गेलं असणार आणि तेही सारखं गेलं नसणार. त्याने फार बिघडत नाही, ते पासंगात भरून निघेल. वजनांना मात्र ही वागणूक अजून दिली नसेल तर कधीच देऊ नका.

डाव्या पारड्याखालचा लाखेचा ठिपका पाहून आजोबांवर शंका घेऊ नका. पारडं किंवा साखळी बदलली की जुने सोनार असाच पासंग भरून काढत. दांडीच्या टोकांना फिरणारे नट असतील तर ती लाख आता काढून टाका, कारण ती कपच्या-कपच्यांनी झडते आणि पासंग हळूहळू सरकत राहतो. नट नसतील तर राहू द्या.

धारा. मधली एक आणि टोकांच्या दोन, अशा तीन. जुन्या देशी तराजूंत त्या पोलादी असतात, भारी तराजूंत अकीक या कठीण दगडाच्या. बैठक पोलादी पट्टीची किंवा अकीकाची. अकीक गंजत नाही पण ठेच लागली की टवका उडतो. पोलाद टवकत नाही पण गंजतं, आणि आपल्याकडे त्याला कारण पावसाळ्यापेक्षा कूलर जास्त. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांची कोरडी झळ आणि खोलीत कूलरची ओली हवा, त्या हवेच्या झोतात पेटी असेल तर दोन उन्हाळ्यांत धारेवर तांबूस ठिपके दिसायला लागतात.

उदबत्तीची काडी चाकूने निमुळती करा, तिच्या टोकाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि धारेच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवी नाही. इथे अल्कोहोल चालतं, कारण धारेवर लाख नसते; फक्त दांडीवर ओघळू देऊ नका. बैठकीचंही तसंच करा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू मागे राहतात. मग सोनाराचं दहापट भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड समोरून धारेवर पाडा. चांगली धार दिसतच नाही. झिजलेल्या धारेवर उजेडाची बारीक पांढरी रेघ चमकते. रेघ सलग आणि केसासारखी बारीक असेल तर तराजू अजून बराच चालेल, फक्त थोडा मंद असेल. रेघ मध्येच जाड होत असेल किंवा तुटत असेल तर धार पुन्हा लावावी लागेल, आणि ते काम घरी कानस किंवा तेलदगड घेऊन करायचं नाही. तिन्ही धारा एकमेकींना समांतर आणि एका पातळीत असाव्या लागतात. एक धार नुसत्या हाताने घासली की दांडीच्या हाताची लांबीही बदलते, आणि बिघडलेला तराजू कायमचा बाद होतो. बैठकीत नखाला जाणवेल एवढी चर पडली असेल तर तीही बदलायचीच.

पोलादी धारांची आणखी एक तपासणी बहुतेक लोक विसरतात. होकायंत्र धारेजवळ न्या, मोबाइलमधलं नको, सुईचं. सुई दोन्ही टोकांना सारखी ओढली गेली तर ते नुसतं लोखंड. एका टोकाला ओढ आणि दुसऱ्याला ढकल दिसली तर धार चुंबकली आहे. स्पीकर, चुंबकाचं झाकण असलेलं मोबाइलचं कव्हर, चुंबकी स्क्रूड्रायव्हर, असलं काही पेटीजवळ राहिलं की हे होतं. अशा तराजूत लोखंडी वस्तू तोलाल तर आकडा विश्वासाचा नाही.

जोडण्याआधी जागा ठरवा. जळगाव, यावल, रावेर पट्ट्यात काळ्या मातीवरची घरं आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, फरशी त्याबरोबर हलते. म्हणून जमिनीवरच्या टेबलापेक्षा भिंतीतला दगडी कोनाडा किंवा भिंतीत पक्की बसवलेली कडाप्प्याची फळी बरी. भुसावळला रेल्वेलगत राहणाऱ्यांनी मालगाडी जाईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. पेटीतला ओळंबा किंवा पाण्याचा बुडबुडा पाहून पायांच्या स्क्रूंनी पातळी साधा, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा साधा. खिडकीतलं ऊन एका बाजूने येता कामा नये. पितळ दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखात दोन भाग वाढतं. दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा एका अंशाने तापला तर १०० ग्रॅमला जवळपास २ मिलिग्रॅमचा खोटा फरक येतो. दहा ग्रॅमला तो नगण्य, पण दांडी उन्हात असली की फरक एका अंशावर थांबत नाही.

आता दांडी बसवा. पेटीखालची फिरकी फिरवली की दांडी बैठकीवरून उचलली जाते, आणि पारड्यात काहीही ठेवायचं किंवा काढायचं ते दांडी उचललेली असतानाच. जुन्या सराफांच्या पेढीवर पोराने पारड्याला बोट लावलं की आतून आवाज यायचा, ‘काट्याले हात नको लावू भो!’ त्यात तथ्य होतं. दांडी धारेवर टेकलेली असताना वजन टाकलंत तर तो सगळा धक्का केसाएवढ्या धारेवर बसतो.

काटा थांबायची वाट पाहू नका. थांबलेला काटा कुठल्या तरी कणावर अडकून थांबलेला असू शकतो, डोलणारा काटा खोटं बोलत नाही. खालच्या पट्टीवर २० घरं असतील तर डावं टोक ० आणि उजवं २० धरा, म्हणजे मध्य १०. दांडी हळू सोडा, पहिले एक-दोन हेलकावे जाऊ द्या, मग ओळीने पाच टोकं लिहा: तीन डावीकडची, दोन उजवीकडची. समजा डावीकडे ४.०, ४.४, ४.८ आणि उजवीकडे १५.६, १५.२ आली. डाव्यांची सरासरी ४.४, उजव्यांची १५.४, त्या दोहोंची सरासरी ९.९. हा झाला विरामबिंदू, म्हणजे डोलणं संपल्यावर काटा जिथे थांबला असता ती जागा. तीन आणि दोन का? हेलकावा प्रत्येक फेरीत थोडा आटतो, आणि दोन्ही टोकांना एकाच बाजूचं वाचन घेतलं की ते आटणं आपोआप वजा होतं.

रिकाम्या तराजूत दांडी उचला, सोडा, वाचा, असं पाच-सात वेळा करा. विरामबिंदू अर्ध्या घराच्या आत राहिला तर पुढे जा. राहत नसेल तर, तुमची मूळ तक्रार हीच आहे, कारणं साधारण या क्रमाने शोधा. धारेवर किंवा कडीत तंतू. पारडं किंवा साखळी पेटीच्या तळाला, बाजूला हलकेच टेकणं. कडी धारेवर तिरकी बसणं. पेटीतले दांडी उचलणारे दोन हात सारखे वर येत नसतील तर कडी दर वेळी थोडी सरकून बसते, ते हात पातळ पितळी असतात, नीट पाहून किंचित वाकवता येतात. पंखा किंवा कूलर चालू असणं. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पेटीची काच नायलॉनच्या कापडाने पुसली असेल तर काचेवर साचलेली वीज पारड्याला ओढते. काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि थोडं थांबा, ती निघून जाते. हे सगळं करूनही काटा भटकत असेल तर धार गेली, दुरुस्तीवाल्याकडे या.

पासंगाला एक ओळ पुरे: टोकांचे नट फिरवून विरामबिंदू ९.५ ते १०.५ च्या मध्ये आणा, अगदी १० वर आणायच्या नादात तासभर घालवू नका, कारण पुढे सगळी तुलना रिकाम्या विरामबिंदूशीच करायची आहे.

हातांची परीक्षा ही खरी परीक्षा. त्यासाठी आधी बारीक वजनं लागतील, आणि ती घरी बनवता येतात. केळीच्या पट्ट्यात मोटारी आणि पंखे भरणारे वायंडिंगवाले गावोगाव आहेत. त्यांच्याकडून पंख्याची ३६ नंबरची तांब्याची तार दोन मीटर घ्या. एक मीटर तार साधारण २६० मिलिग्रॅम भरते, वरच्या रोगणामुळे थोडी जास्त. सराफाच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर दोन्ही मीटर एकत्र तोला, मिलिमीटरला किती पडतं ते काढा आणि पोलादी पट्टीवर मोजून १०, ५, २, २, १ मिलिग्रॅमचे तुकडे कापा. दहाचा तुकडा ३८ मिलिमीटरच्या आसपास येईल. प्रत्येक वेगळ्या आकारात वाकवा म्हणजे ओळखू येतो. एकट्या तुकड्याला इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण मोठ्या तारेच्या वजनातली चूक लांबीने भागली जाते. गुंजा वापरू नका. हिशेबात ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज सुमारे १२१.५ मिलिग्रॅम, पण झाडाच्या शेंगेतलं बी हिशेब वाचून वाढत नाही.

आता ५० ग्रॅमची दोन वजनं घ्या, एक ‘अ’, एक ‘ब’. डावीकडे अ, उजवीकडे ब. विरामबिंदू रिकाम्यासारखाच येईपर्यंत हलक्या बाजूला तारेचे तुकडे टाका. समजा उजवीकडे ४ मिलिग्रॅम टाकावे लागले. आता वजनं पालटा: डावीकडे ब, उजवीकडे अ. समजा या वेळी उजवीकडेच ६ लागले. दोन्ही वेळा भर उजवीकडेच घालावी लागली, म्हणजे दोष वजनांत नाही, डावा हात लांब आहे. दोहोंची सरासरी ५ मिलिग्रॅम हा हातांचा दोष, आणि दोन आकड्यांतल्या फरकाचं निम्मं, १ मिलिग्रॅम, हा वजनांमधला फरक. इथे ब जड आहे. उलट एकदा उजवीकडे आणि पालटल्यावर डावीकडे तेवढंच टाकावं लागलं असतं, तर हात बरोबर आणि वजनं चुकीची. ५० ग्रॅमला ५ मिलिग्रॅम म्हणजे दहा हजारात एक. हात १२० मिलिमीटरचा असेल तर लांबीतला फरक ०.०१२ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या सहाव्या हिश्श्याएवढा. एवढ्यासाठी कुणी धार सरकवायला सांगितलं तर त्याच्या हातात तराजू देऊ नका.

कारण हातांचा दोष काढावा लागत नाही, तो टाळता येतो. दोन रीती आहेत. पहिली जर्मन गणिती गाउस यांच्या नावाने ओळखली जाते: वस्तू एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे तोलायची आणि दोन्ही वजनांची सरासरी घ्यायची. दुसरी फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांच्या नावाची, आणि मला हीच जास्त आवडते. वस्तू उजव्या पारड्यात ठेवा, डावीकडे वाळू, शिशाचे छर्रे, काहीही टाकून तोल साधा आणि विरामबिंदू लिहा. मग डावी बाजू न हलवता वस्तू काढा आणि तिच्या जागी वजनं ठेवत पुन्हा तोच विरामबिंदू आणा. वस्तू आणि वजनं दोन्ही एकाच हातावर तोलली गेली, त्यामुळे हात लांब की आखूड हा प्रश्नच उरत नाही. दीडदमडीच्या वाकड्या तराजूवरही या रीतीने उत्तम वजन निघतं, फक्त तो एकाच जागी थांबला पाहिजे.

जुन्या काळी मोड (गिऱ्हाइकाचं जुनं सोनं) घेताना सोनं एका पारड्यात आणि दागिना विकताना दुसऱ्या पारड्यात ठेवणारेही होते, हे सांगायला नकोच. अशा तराजूची रिकामी पारडी अगदी समोरासमोर उभी असायची.

मंदपणा मोजायला रिकाम्या तराजूत उजवीकडे १० मिलिग्रॅमचा तुकडा टाका. काटा खाली लोंबणारा असेल तर तो डावीकडे जाईल, वर उभा असेल तर उजवीकडे. विरामबिंदू ९.९ वरून ७.४ वर आला तर अडीच घरं सरकला, म्हणजे एक घर ४ मिलिग्रॅमचं. अर्धं घर वाचता आलं तरी २ मिलिग्रॅम कळतात, आणि एवढ्या वयाच्या तराजूला हे चांगलंच म्हणायचं. हेच दोन्हीकडे ५०-५० ग्रॅम ठेवून पुन्हा करा. रिकामा असताना अडीच घरं आणि भाराखाली दीडच, असं झालं तर टोकांच्या धारा मधल्या धारेच्या पातळीखाली गेल्यात: दांडी वाकली आहे किंवा कुणी धारा बदलताना चुकलंय. उलट भाराखाली काटा जास्तच नाचायला लागला आणि एका बाजूला कलंडून पडला, तर टोकांच्या धारा वर आहेत. दोन्ही वेळी इलाज घरचा नाही, पण भार कमी ठेवून तराजू वापरता येतो.

दांडीच्या मध्यावर उभ्या आट्यांवर किंवा काट्याच्या दांड्यावर एक छोटा नट असतो. तो वर नेला की दांडीचा गुरुत्वमध्य मधल्या धारेजवळ येतो, तराजू तल्लख होतो आणि हेलकावे लांबत जातात. फार वर नेला तर दांडी उलटते. हा नट हाताळण्याचा मोह फार होतो, म्हणून सांगतो: बहुतेक तराजू मंद असतात ते मळाने किंवा धारेने, नटाने नाही. मळ काढून झाला, धार तपासून झाली, तरच अर्धा आटा वर घ्या आणि पुन्हा मोजा. एक हेलकावा, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि परत, दहा-पंधरा सेकंदांत होत असेल तर आणखी तल्लखपणाच्या मागे लागू नका. त्याहून हळू डोलणाऱ्या तराजूवर दिवसभर काम करणं जिवावर येतं. नट हलवला की पासंगही थोडा बदलतो, तो पुन्हा पाहा.

इथपर्यंत आलात तर तराजू तयार आहे आणि सगळी शंका वजनांवर येते. तुमच्या १५-२० मिलिग्रॅमचं कारण माझ्या मते निम्मं तरी इथेच सापडेल. बाजारात ‘१० ग्रॅम’ छापलेली स्वस्त पितळी वजनं कुठल्या वर्गाची आहेत ते पाहा. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एम-१ वर्गाच्या १० ग्रॅम वजनाला २ मिलिग्रॅमची सूट आहे, एफ-२ ला ०.६ आणि एफ-१ ला ०.२ ची. वर्गच लिहिलेला नसेल तर ते वजन नाही, पितळेचा तुकडा आहे. घरच्या घरी एवढं करा: १० च्या वजनासमोर ५, २, २ आणि १ एकत्र ठेवा, मग ५ समोर २, २, १, मग २ समोर दुसरं २. प्रत्येक वेळी पालटून पाहा. संच आपसात जुळत नसेल तर कुठलं वजन वेगळं पडतं ते दोन-तीन तुलनांतच कळतं. आपसात जुळला तरी सगळा संच एकाच प्रमाणात चुकीचा असू शकतो, म्हणून त्यातलं एक वजन तरी प्रमाणपत्र असलेल्या वजनाशी ताडून घ्या. वजनं चिमट्याने उचला. घामट बोटांनी हाताळलेलं पितळ डागाळतं आणि डागाचंही वजन असतं.

बाकीचा निम्मा फरक कदाचित सराफाच्या काट्याचा असेल. दोन पारड्यांचा तराजू वस्तूची वजनाशी तुलना करतो, पृथ्वीची ओढ दोन्हीकडे सारखीच असते. इलेक्ट्रॉनिक काटा ओढच मोजतो, आणि ती ओढ गावागणिक बदलते. दिल्लीत जुळवलेला काटा जळगावात आणून तसाच लावला, तर आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ असल्यामुळे तो १० ग्रॅमला सुमारे ५ मिलिग्रॅम कमी दाखवतो. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजनाने जुळवायचा असतो. तो जुळवलेला आहे का, एवढं त्यांना नम्रपणे विचारा. सोनं दहा ग्रॅमला लाख रुपये धरलं तर ५ मिलिग्रॅम म्हणजे पन्नास रुपये, भांडणाएवढी रक्कम नाही. पण चूक तुमच्या तराजूची धरून त्याचे नट फिरवत बसाल, त्याची मला काळजी.

तोळ्याची वजनं वेगळी ठेवा. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅम, काडतुसातली दारू आजही ज्या ग्रेनमध्ये मोजतात तोच हा ग्रेन. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपयाही तोळाभराचाच, म्हणून घरोघरी रुपयाने सोनं तोललं जायचं. आता बाजारात ‘तोळा’ म्हणून १० ग्रॅम मोजतात, त्यामुळे आजोबांच्या वहीतले तोळे आणि आजच्या पावतीवरचे तोळे एक धरू नका: वहीतले पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. झिजलेला रुपया मात्र प्रमाण म्हणून वापरू नका. आजोबांच्या संचातली वजनं आपसात ताडून पाहायला हरकत नाही: १२ मासे आणि १ तोळा समोरासमोर ठेवले की किती निगुतीने बनवलेली होती ते कळेल. त्यांच्या बुडाला शिशाची गुंडी आणि तिच्यावर शिक्का असेल तर ती उकरू नका.

दुकानातल्या वापराबद्दल. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनं आली, आणि आता व्यवहारात तोळ्या-माशांची वजनं वापरता येत नाहीत. तराजू आणि ग्रॅमची वजनं व्यवहारासाठी वापरायची तर वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या, म्हणजे सरकारी वजन-माप खात्याच्या, निरीक्षकाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. दांडीच्या तराजूला आणि वजनांना ती दर २४ महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर १२ महिन्यांनी. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यायची आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी, मग जुन्या शिक्क्याची मुदत उरलेली असो वा नसो. परवान्याची तरतूद २००९ च्या वैधमापन कायद्यात आहे. घरात स्वतःपुरता तोलायला यातलं काही लागत नाही, पण शेजाऱ्याची मोड तोलून पैसे दिलेत की तो व्यवहार झाला.

माझं मत विचाराल तर या तराजूने गिऱ्हाईक करू नका. त्यासाठी पडताळलेला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा. हा तराजू त्या काट्यावर नजर ठेवायला वापरा: महिन्यातून एकदा प्रमाण वजन आणि एखादा दागिना बोर्दाच्या रीतीने तोलायचा, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहायचे. इलेक्ट्रॉनिक काटा सरकायला लागला तर वहीत दोन-तीन महिन्यांत कळतं. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, ती ओली झाली की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येते, आणि काम संपलं की दांडी उचलून ठेवा.